सदतिसावी बाटली

आठ तारा आहेत. एक सोन्याची, एक चांदीची,
एक प्लॅटिनमची, बाकीच्यांवर कसले कसले लेप.
सगळ्या मिळून माझ्या करंगळीएवढ्या.
मुल्लाणी सर हिला जीभ म्हणतात.
मी रजिस्टरात लिहिते : संच क्र. २.

तिला दूध दाखवलं की ती आकडे बोलते.
आकड्यांचे ठिपके होतात, ठिपक्यांचे पुंजके,
पण कुठल्या पुंजक्याला काय म्हणायचं
ते तिला ठाऊक नसतं.
शब्द बाहेरून आणावे लागतात.

म्हणून पहाटे साडेपाचला मी गंगावेशीत,
थर्माकोलच्या खोक्यात बावन्न बाटल्या घेऊन.
दूधकट्ट्यावर हिंदुराव कारंडे,
मागं त्यांच्या दोन म्हशी, शिंगांना तेल लावलेल्या.
माझ्या हातात फेसाचा पेला कोंबून म्हणाले,
"आधी हे पी. मग तुझी कारकुनी काढ."

एक घोट. गालात फिरवायचा, बाजूला थुंकायचा.
"ही वाड्यावरची म्हस."
"हिला सरकी जास्त झालीया."
"हे कालचं. फ्रिजातलं. खोटं नको बोलू."
मी काही बोललेच नव्हते.
"ह्यात सोडा."
"ह्यात पाणी. ते बी बोरचं, नळाचं न्हवं."
मी भरत गेले : वाडं एक, सरकी दोन,
शिळं तीन, भेसळ चार.

सदतिसाव्या बाटलीला ते थांबले.
पुन्हा घोट घेतला. हा थुंकला नाही.
"हिचं रेडकू गेलंय."

त्याला रकाना नव्हता.
मी पेन उघडं धरून उभी.
म्हशीनं शेपटी मारली, कागदावर शिंतोडे.
"लिव की."
मी लिहिलं : इतर.

विद्यापीठात, दुपारी, पंख्याखाली,
एक्कावन्न ठिपके आपापल्या घोळक्यात
आणि एक वर उजव्या कोपऱ्यात, एकटाच.
सर म्हणाले, "काढून टाक.
बाटली नीट धुतली नसशील."

बाटली मीच धुतली होती.
वडणग्याला फोन लावला. पोरगं बोललं,
"व्हय, मागल्या सोमवारी गेलं.
तवापासनं पान्हाच सोडत न्हाई,
म्हणून सुई देतोय."

सुई! सर खुर्चीतून उठले.
म्हणजे क्षार बदलले असणार, संचानं ते पकडलं असणार.
फळ्यावर बाण काढले, बाणांना नावं दिली,
मला चहा सांगितला, स्वतःच्या पैशानं.
तक्त्यात पाचवा आकडा आला.

दुसऱ्या पहाटे मी विचारलं,
"तुम्हाला सुई कशी कळली?"
"कसली सुई?"
मी सांगितलं.
त्यांनी चरवी खाली ठेवली, जोरात,
दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.
"कोण टोचतंय?"
त्यांना सुई कळलीच नव्हती.

बराच वेळ धारा काढत राहिले, माझ्याकडं पाठ करून.
मग म्हणाले, "आमच्यात पेंढा भरायचे.
रेडकाच्या कातड्यात. चार काठ्यांवर उभं करायचं
तिच्या तोंडाफुडं."
"आणि तिला कळत नसे?"
"कळतंय की. खुळी हाय काय ती.
पर चाटायला तरी मिळतंय."

संध्याकाळी मी आठही तारा धुते.
अल्कोहोलात एकदा, पाण्यात तीनदा,
कालचं काही राहिलं तर आजचे आकडे सरकतात.
सोन्याची तार शेवटी. ती पुसायची नसते,
नुसती हवेत धरायची.
आज धरली तेव्हा लक्षात आलं,
मी ती हळूहळू हलवते आहे,
काहीतरी समोर असल्यासारखी.